बिल्ला वाटणारा

लाजर पाटोळेने बिल्ला घेतला नाही, आणि मीही पुढे केलेला हात मागे घेतला नाही. तो अंगणात पोतं अंथरून कुणाचा तरी स्टोव्ह खोलून बसला होता. बर्नर एकीकडे, टाकी एकीकडे, हात कोपरापर्यंत काळे. शनिवारची दुपार होती. मला अजून सात घरं करायची होती आणि संध्याकाळी बसून उद्याच्या वाचनाची उजळणी करायची होती. म्हणून मी जरा घाईनेच म्हणालो, "घे रे. असा रविवार शंभर वर्षांतून एकदाच येतो."

"आधी विचारा तर, गुरुजी."

"काय विचारू?"

"दारात उभं राहून पंचाने जे विचारायचं असतं ते," लाजर म्हणाला आणि बर्नरमध्ये पिन घालून फुंकर मारू लागला.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. आमचं गाव मराठवाड्यातलं, गावाच्या कडेला मिशनवाडी, आणि वाडीच्या मधोमध दगडी चर्च. ते बांधणाऱ्या गोऱ्या पाद्रीसाहेबाने येताना आपल्या मुलखातून एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात शिशाचे बिल्ले होते, रुपयापेक्षा थोडे मोठे, एका बाजूला द्राक्षांचा घड. आमच्याकडे प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मंडळीच्या एका पंचाने ती पेटी घेऊन घरोघर जायचं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "कोणाशी वैर नाही ना?" नाही म्हणेल त्याला बिल्ला द्यायचा. रविवारी तो बिल्ला ताटात टाकून मगच भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा. ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्याने आधी जाऊन मिटवून यायचं, नाहीतर पुढच्या तीन महिन्यांची वाट बघायची. साहेब गेला, पेटी राहिली. आजूबाजूच्या मंडळ्यांत असलं काही नव्हतं, म्हणून आम्हाला तिचा मोठा तोरा.

पंधरा वर्षं ती पेटी माझ्याकडे होती. मी बर्णबा म्हस्के, मिशनशाळेचा हेडमास्तर, मंडळीचा पंच, शब्दाशब्दाला चष्मा सावरणारा माणूस. खरं सांगायचं तर प्रश्न विचारणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. बायका पिठाचे हात पुसत दारात यायच्या, मी तळहातावर बिल्ला ठेवायचो, त्या म्हणायच्या चहा घेऊन जा, मी म्हणायचो पुढच्या वेळी. दुसरे पंच याकोब साळवे तर रस्त्यावरूनच ओरडायचे, "गुरुजी, माझा फेका इकडे." मी फेकायचो, ते झेलायचे. सगळी घरं झाली की उरलेल्यांतला एक मी आपल्या खिशात टाकायचो आणि पेटीला कुलूप लावायचो.

लाजरच्या दारावरून मात्र मी सरळ पुढे जायचो. तो अठरा वर्षं बिल्ला घेत नव्हता. दर रविवारी चर्चला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, पण भोजनाचा रविवार असला की टेबलावरचं पांढरं कापड काढायच्या आत उठून जायचा. लोक म्हणायचे, पीत असेल अजून चोरून, मन खातं. मीही मान डोलवायचो.

मग त्या वर्षी रणभिसे पाळक आले. तरुण माणूस, कुठल्याच गोष्टीला जुनी रीत म्हणून सोडून न देणारा. मंडळीची शंभरी साजरी होणार होती आणि तिचा इतिहास मी लिहिला होता. बावीस पानं, सुवाच्य अक्षरात. रविवारी तो वाचून दाखवायचा आणि मग माझ्या खांद्यावर शाल घालायची, असं ठरलं होतं. पाळकांनी मला बोलावून सांगितलं की शंभराव्या वर्षी एक माणूस टेबलापासून उठून जातो हे बरं दिसत नाही, तुम्ही जा आणि लाजरभाऊंना घेऊन या. नाही कसं म्हणणार? एवढ्यासाठी मी त्या अंगणात उभा होतो.

"बरं बाबा," मी म्हणालो, "कोणाशी वैर नाही ना?"

लाजरने पिन खाली ठेवली. हात चिंध्यांना पुसले.

"आहे," तो म्हणाला.

"कोणाशी?"

"तुमच्याशी."

मी चष्मा सावरला. तो मात्र आवाज न चढवता, दुकानात सामान सांगावं तसा बोलत होता. म्हणाला की हे उत्तर त्याने अठरा वर्षं तयार ठेवलं होतं, पण मी कधी विचारलंच नाही. मग त्याने बर्नर उचलला, उजेडाकडे धरून आरपार बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना विचारत फिरता, गुरुजी. तुम्हाला कोण विचारतं?"

मी पेटी काखेत घातली आणि निघालो. राहिलेली सात घरं केलीच नाहीत.

आता एकोणीस वर्षं मागे जायला हवं. एकोणसत्तर सालचा ईस्टर. चर्चच्या बाजूला कडुनिंबाखाली दगडी कमानीत घंटा टांगलेली आहे, तीही साहेबानेच आणलेली. लाजर ती वाजवायचा. तो आणि मी मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेले. तो मला बर्णबा म्हणायचा, अरेतुरे करायचा. तरुणपणी तो दारूच्या पायी पार वाया गेला होता, पण दोन वर्षांपूर्वी सोडली ती सोडली, आणि मंडळीने विश्वासाने त्याला घंटेचं काम दिलं होतं.

ईस्टरला आमच्याकडे पहाटे घंटा वाजली की वस्त्यावस्त्यांवरून लोक गात निघतात. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, पहाटफेरीचा प्रमुख, आणि स्वभाव असा तडकाफडकी की चहा गार झाला तरी घर डोक्यावर घ्यायचो. मी पोचलो तर लाजरचा पत्ता नाही, आणि आदल्या दिवशी तुटलेली घंटेची दोरी तशीच लोंबत होती. पूर्वेला उजाडायला लागलेलं. लोक घंटेची वाट बघत खोळंबले असणार. माझं डोकं फिरलं. कबर खणायची पहार भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मी ती उचलली आणि घंटेवर बाहेरून तीन ठोके हाणले. पहिले दोन खणखणीत वाजले. तिसऱ्याला आवाज बदलला. मी हात लावून पाहिलं तर बोटाला तडा लागला.

मी पहार होती तिथे ठेवली आणि आत जाऊन पेट्रोमॅक्स पेटवत बसलो.

दुपारी पंच बसले. लाजर उशिरा आला होता, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. तो म्हणाला की रात्रभर बायकोच्या कळा चालू होत्या, पहाटे दाईला आणायला गावात गेलो, मुलगा झाला. त्यावर याकोब साळवे म्हणाले, "मुलगा झाला ना? म्हणजे प्यायला असणारच." सगळे हसले. मग त्या वेळच्या पाळकांनी मला विचारलं की तिथे सगळ्यांत आधी कोण पोचलं होतं, तुम्ही काय पाहिलंत. मी म्हणालो, "मी आलो तेव्हा घंटा वाजून गेली होती."

एवढंच एक वाक्य. लाजरचं नाव मी घेतलं नाही, आणि कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो की मी त्याचं नाव कुठे घेतलं? घंटा वाजवणारा तोच, तेव्हा नशेत त्यानेच काहीतरी हाणून ती फोडली असं पंचांनी ठरवलं आणि त्याचं घंटेचं काम गेलं. एक वर्ष त्याला मंडळीच्या शिस्तीखाली ठेवलं, म्हणजे प्रभुभोजन बंद. वर्ष संपल्यावर पंच बिल्ला घेऊन गेले, तर तो नको म्हणाला.

आणि मी? त्याच वर्षी मे महिन्यात तंबूत सभा झाल्या. बाहेरून आलेले उपदेशक फार जोरदार बोलले. मी पुढे जाऊन गुडघे टेकले, हुंदके देऊन रडलो, घंटेचं सगळं काही देवाला सांगितलं. उपदेशकांनी डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तुझी पापं खोल समुद्रात गेली, पुन्हा वर येणार नाहीत. छातीवरचा दगड उतरला. घरी येऊन मी बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलं, २३ मे १९६९, माझं तारण झालं. त्यानंतर दर वर्षी त्या तारखेला मी मंडळीत उभा राहून साक्ष द्यायचो. कोणतं पाप ते सांगायचो नाही, पण क्षमा कशी झाली ते असं सांगायचो की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या मते घंटाही त्या समुद्रात बुडाली होती. ती दर रविवारी फुटक्या घागरीसारखी वाजत होती, पण माणसाला कशाचीही सवय होते.

आणि बावीस पानांच्या त्या इतिहासात अकराव्या पानावर मी काय लिहिलं होतं? "सन १९६९ मध्ये घंटावाल्याच्या निष्काळजीपणामुळे घंटेस तडा गेला." अक्षर सुवाच्य.

घरी आलो तेव्हा तबिथा, माझी बायको, उद्याच्या पाहुण्यांसाठी करंज्या तळत होती. मी पेटी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, "मला विचार."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. झारा हातात धरून, साळव्यांसारखा आवाज काढून ती म्हणाली, "काय म्हस्के गुरुजी, कोणाशी वैर नाही ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द बाहेर येईनात. तबिथाने माझ्याकडे पाहिलं, कढई खाली उतरवली, हात पुसले आणि पाटावर बसली. मी तिला सगळं सांगितलं. मग तिचे डोळे भरून आले, पण माझ्यासाठी नाही. लाजरच्या बायकोशी, सुगंधाशी, ती नळावर एकोणीस वर्षं बोलली नव्हती. आपल्या मुलांना तिने सांगितलं होतं की त्या घरी जायचं नाही, तिथे दारू पितात.

"मी देवाला सांगितलं होतं," मी म्हणालो. "तेव्हाच. सगळं."

"देवाला सांगायला काय लागतं?" तबिथा म्हणाली. "त्याला तर माहीतच होतं." मग उठून कढई पुन्हा चुलीवर ठेवत म्हणाली, "तुमचं तारण झालं हो. लाजरभाऊंचं काय झालं?"

मला फार राग आला. खोटं कशाला बोलू, तिचा राग आला, लाजरचा आला, त्या पाळकांचा आला. चप्पल पायात घातली तीही रागातच. पण पाय गेले ते लाजरच्या घराकडे.

दिवे लागायची वेळ होती. स्टोव्ह जुळून झाला होता आणि लाजर पंप मारून बघत होता. मी उभ्याउभ्याच बोललो. पहार मी मारली, खोटं मी बोललो, एवढी दोन वाक्यं बोलायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. लाजरने काडी ओढली, स्टोव्ह भुरभुरला, मग निळा पेटला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "दाईला घरी सोडून मी पळतच येत होतो. तू पहार भिंतीला लावताना मी बघितलं."

त्याने मला तू म्हटलं हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं की मग पंचांसमोर का बोलला नाहीस. तो म्हणाला की दारुड्याचं कोण ऐकणार होतं, आणि त्याला वाटलं होतं की मी संध्याकाळपर्यंत येईन. मग वाटलं आठवड्यात येईन. मग माझ्या साक्षी सुरू झाल्या.

"पण बिल्ला का नाही घेतलास?" मी विचारलं. "तुझा तर काही दोष नव्हता."

लाजरने स्टोव्ह बंद केला. "दर तीन महिन्यांनी मी स्वतःला विचारून बघायचो, वैर गेलं का. नाही गेलं. मग नाही म्हणून भाकरी कशी खाऊ? खोटं एक जण बोलला तेवढं पुरे होतं." मग तो म्हणाला, "मीही यायला हवं होतं तुझ्याकडे. नाही आलो. अढी होती मनात. तेवढं माझं चुकलं."

मी त्याचा हात धरला. रॉकेलचा वास येत होता. मी म्हणालो की मला माफ कर, आणि त्याने हात सोडवून घेतला नाही, पण म्हणाला, "देवाला माहीत होतं, मला माहीत होतं. ज्यांना माहीत नाही ते उद्या चर्चमध्ये बसलेले असतील."

शंभरीचा दिवस, चार मंडळ्यांचे पाहुणे, शाळेचे पालक, माझी दोन्ही मुलं. मी म्हणालो की नंतर कधीतरी, पंचांच्या बैठकीत सांगतो. लाजर दुसरा स्टोव्ह खोलायला लागला.

रविवारी मी इतिहास वाचायला उभा राहिलो. पहिली दहा पानं झकास झाली, लोक माना डोलवत होते. अकरावं पान उलटलं आणि मी मान वर केली. समोर तबिथा मांडीवर हात ठेवून बसली होती. शेवटच्या बाकावर लाजर होता, त्याच्या शेजारी सुगंधा. मी चष्मा काढला, कारण चष्मा नसला की मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, आणि कागद खाली ठेवून म्हणालो, "सन एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये घंटेस तडा गेला. तो बर्णबा म्हस्के याने पहारेने पाडला आणि लाजर पाटोळे याच्यावर ढकलला." मग पुढचं पान वाचायला घेतलं, पण ते काही जमलं नाही.

पहिले उठले ते याकोब साळवे. म्हणाले, "या माणसाच्या हातून आम्ही पंधरा वर्षं बिल्ले घेतले?" त्यांच्या आवाजात जी घृणा होती ती मी आजही विसरलेलो नाही. मुलगा झाला म्हणजे प्यायला असणार, हे स्वतःचं वाक्य मात्र त्यांना आठवलं नाही. पाळकांनी गीत सुरू केलं तेव्हा कुठे ते खाली बसले. शाल तशीच घडी घातलेली टेबलावर राहिली.

भोजनाची वेळ झाली. पांढऱ्या कापडाला हात लावण्याआधी पाळकांनी मी सकाळी आणून दिलेली पेटी उचलली आणि मधल्या वाटेने शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी लाजरला प्रश्न विचारला, पूर्ण, जसा विचारायचा असतो तसा. लाजर उठून उभा राहिला.

"काल होतं," तो म्हणाला. "आज नाही."

तो बिल्ला घेऊन टेबलाकडे निघाला तेव्हा मी उठलो आणि तो ज्या दाराने इतकी वर्षं बाहेर पडायचा त्या दाराने बाहेर पडलो. कडुनिंबाखाली घंटेजवळ बसलो. आदल्या दिवशी फेरी अर्धी सोडल्याने या वेळी खिशात बिल्ला नव्हता, तेवढं एक बरं वाटलं.

पंच बसले आणि मला एक वर्ष शिस्तीखाली ठेवलं, लाजरला ठेवलं होतं तसंच. त्यात अन्याय काही नव्हता. पण साळव्यांनी त्यात आणखी जोडलं की म्हस्क्यांनी संडेस्कूल शिकवू नये, पंचपद सोडावं आणि वर्षभर शेवटच्या बाकावर बसावं. मी बसलो. तबिथा पहिल्याच सोमवारी करंज्यांचा डबा घेऊन सुगंधाकडे गेली आणि दोन तासांनी रिकाम्या हाताने, लाल डोळ्यांनी परत आली. मला काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही.

मे महिन्यात साक्षीची तारीख आली. मी उठलो नाही. बायबलच्या पहिल्या पानावरचं ते मी खोडलंही नाही. त्या दिवशी काही झालंच नव्हतं असं मला वाटत नाही. झालं होतं, पण मी तिथेच गुडघे टेकून बसून राहिलो होतो.

वर्ष सरलं. नोव्हेंबरचा शनिवार, मी ओसरीवर शेंगा निवडत बसलो होतो. पेटी काखेत घेऊन लाजर आला. ती आता त्याच्याकडे होती, पाळकांनी आग्रह करून दिली होती. लोकांची तक्रार होती की याला एकेका घरी अर्धा तास लागतो, रात्र होते तरी फेरी संपत नाही. तो दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "बर्णबा, कोणाशी वैर नाही ना?"

बिल्ला त्याच्या बोटांत होता. द्राक्षांचा घड वरच्या बाजूला. वर्षभर मी त्या एका बिल्ल्याची वाट बघितली होती, आणि नाही हा शब्द अगदी ओठांवर होता. आतून तबिथाच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"आहे," मी म्हणालो. "साळव्यांशी. वर्षभर झोपताना रोज आठवतात मला."

मला वाटलं लाजर पेटी बंद करेल आणि म्हणेल, बरं, तीन महिन्यांनी येतो. त्याने बिल्ला पेटीवर ठेवला, पेटी ओसरीवर ठेवली, आणि माझ्यासमोरचं शेंगांचं सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

"जा मग," तो म्हणाला. "साळवे घरीच आहेत, मी आत्ताच तिकडून आलो. तू येईपर्यंत मी बसतो."

मी चप्पल घातली आणि निघालो.